कोड, रंगपेशी आणि थांबण्याचे वर्ष

कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याची सवय अजून सुटलेली नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. कोडात जंतू नाही, संसर्गही नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतील रंगपेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात. हानी रंगाची, पण विवाह ठरवताना त्या एका शब्दाने किती घरांचे दरवाजे बंद झाले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

औषधे व प्रकाशोपचार यांना दाद न देणाऱ्या डागांसाठी रंगपेशींचे रोपण हा मार्ग आहे. रुग्णाच्याच मांडीवरून अथवा नितंबावरून त्वचेचा अतिपातळ पापुद्रा काढतात. ट्रिप्सिन हे विकर ३७ अंश सेल्सियसला त्यातील पेशींचे परस्परबंध सोडवते. हे पेशीमिश्रण वरचा थर खरवडून काढलेल्या पांढऱ्या डागावर पसरतात आणि वर कोलॅजेनची पट्टी ठेवून जागा सुमारे आठवडाभर झाकतात. काढलेल्या तुकड्याच्या दहापट क्षेत्रापर्यंत त्या पेशी पुरवता येतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत नाहीत, त्यामुळे सारे काही तासांत उरकते. १९९२ साली फ्रान्समध्ये गोतिए आणि सुर्लेव्ह-बाझेय यांनी या विनासंवर्धन पद्धतीचे एक आरंभीचे रूप मांडले. भारतात चंदीगडच्या पीजीआयमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये तिच्यावर संशोधन झाले. केसाच्या मुळातील पेशी वापरण्याचे प्रयोगही तेथे झाले.

परंतु या उपचाराचा कणा शस्त्रक्रियेत नाही, तिच्या आधीच्या वर्षात आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००८ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार किमान एक वर्ष नवा डाग उमटलेला नसावा आणि जुना पसरलेला नसावा. कारण उघड आहे. रोपलेल्या पेशी रुग्णाच्याच असतात. ज्या हल्ल्यात आधीच्या पेशी गेल्या, तो चालू असेल तर याही जातील. शिवाय खरचटल्या जागी कोड उमटण्याचा धोका असतो. रोग जागा असताना शस्त्रक्रिया केली तर जिथून त्वचा घेतली, त्या मांडीवरही नवा डाग येऊ शकतो.

हे वर्ष मोजण्याची रीत मात्र फार ओबडधोबड आहे: रुग्णाचे सांगणे आणि छायाचित्रांची तुलना. ज्याच्या घरी लग्नाची तारीख काढली आहे, त्याला डाग ‘कधीचाच थांबला’ असे वाटणे स्वाभाविक आहे. ‘कायमचा इलाज’ अशा जाहिराती याच घाईवर पोसल्या जातात. रोपण रंग परत आणते. रोगाची प्रवृत्ती काढून टाकत नाही. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ठळक अक्षरांत असायला हवी.

पट्टी निघाल्यावर जागा आधी गुलाबी दिसते. रंग काही आठवड्यांनी बेटाबेटांनी उगवतो, महिनोन्‌महिने जुळत राहतो आणि कधी भोवतालच्या त्वचेहून गडद होतो. बोटांची टोके आणि सांध्यांवरील त्वचा सहसा तितकीशी दाद देत नाही. आणि हात तर रोजच चारचौघांपुढे करावा लागतो.