चारही पाय जमिनीवर

मे महिन्यातली सकाळ. आई बालाजीच्या दर्शनाहून परतली, फाटकाची कडी वाजली आणि ढब्बूने ओट्यावरून धावत जाऊन थेट तिच्या छातीवर पाय टाकले. आईचं वय 71, ढब्बूचं वजन 22 किलो. प्रसादाची वाटी एकीकडे, आई दुसरीकडे. मनगटाचं हाड मोडलं. पडल्या जागेवरून ती म्हणाली, "कुत्रं हाये का गोऱ्हा हाये हे, बाप्पा!"

ढब्बू बुलडॉग. दसऱ्याला मुलाने पुण्याहून आणला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि ओंजळीत मावायचा. आमच्या वाशीममध्ये अशा चपट्या तोंडाचं कुत्रं क्वचितच दिसतं, त्यामुळे गल्लीतली पोरं त्याला बघायला यायची. तो बोटं चावायचा, आम्ही म्हणायचो, दुधाचेच दात आहेत. ते 28 दात सहा-सात महिन्यांत पडून गेले, पक्के 42 आले, चावण्याची सवय मात्र तीच राहिली. मार्चमध्ये शेजारच्या मुलीच्या दंडाला त्याचा दात लागला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तिला दवाखान्यात नेलं. ढब्बूला रेबीजची लस दिलेली होती, तरीही मुलीला लसीचा पूर्ण कोर्स दिला: पहिल्या दिवसाची सुई, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तिथे अंदाजावर भागत नाही.

सगळ्यांचा सल्ला एकच होता, हट्टी आहे, बदडा. आम्ही तेही केलं. वर्तमानपत्राची गुंडाळी मारली, उडी मारली की छातीला गुडघा लावला. तो आणखी जोरात यायचा आणि हात उगारलेला दिसला की हातच धरायचा.

आईच्या हाताला प्लास्टर घातल्यावर त्याला घेऊन अकोल्याला पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी आधी कान, दात आणि चेहऱ्याच्या घड्या तपासल्या. नाकावरच्या घडीत ओल राहून कातडी लाल झाली होती. दुखत असलं की कुत्रं तोंडाजवळ आलेल्या हाताला चावतं, हे मला तेव्हा कळलं. आता ती घडी रोज पुसून कोरडी करतो.

मग त्यांनी विचारलं, "तो अंगावर आला की घरात कोण काय करतं?" मी सांगत गेलो. मी ढकलतो. मुलगा मिठी मारतो. बायको ओरडते. आई भाकरीचा तुकडा लांब फेकते, म्हणजे तो जातो. डॉक्टर म्हणाले, "चौघांकडूनही त्याला काहीतरी मिळतंच. मग त्यानं उडी का सोडावी?"

परतताना मालेगावपर्यंत मी गप्प होतो. सात महिने आम्ही चौघं मिळून त्याला उडी मारायलाच शिकवत होतो.

नियम एकच ठरला आणि तो सगळ्यांना लागू. ढब्बूने उडी मारली की पाठ फिरवायची, हात छातीशी घ्यायचे, बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यायचा, तोही खाली वाकून. दात लागले की खेळ बंद, आपण खोलीबाहेर. अर्ध्या मिनिटाने परत यायचं. चावायला म्हणून जुन्या कासऱ्याला गाठी मारून दिल्या.

पहिले आठ दिवस तो जास्तच बिघडला. आधी एका उडीत भागायचं, ते दहा उड्यांतही भागेना. इथेच बहुतेक लोक सोडून देतात. मीही सोडलं असतं, पण आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, नियम मोडायची नाही.

शिकवणी पहाटे साडेपाचला, पाच-पाच मिनिटांची. मे महिन्यात इथे पारा 43-44 अंशांवर जातो आणि आखूड नाकामुळे बुलडॉगला धापा टाकूनही अंग नीट निववता येत नाही. बैलांशी झुंजवण्यासाठी इंग्लंडात ही जात घडवली, 1835 मध्ये कायद्याने तो खेळ बंद झाला. पुढे माणसांनी नाक आणखी आखूड केलं, त्याचा त्रास या जनावराला आजही होतो. त्यामुळे शेलूबाजारकडच्या शेतावरच्या आमच्या जुन्या सालदारांनी डवरणीच्या बैलांसारखं मुसकं घालायला सुचवलं तेव्हा मी नको म्हणालो. तोंड आवळलं तर याचा श्वासच अडेल. पण त्यांचं दुसरं बोलणं मी मनात ठेवलं. "गोऱ्ह्याले मारून जू शिकवलं, त थो जू दिसलं का मांगं सरते, भाऊ."

जूनच्या शेवटी आईचं प्लास्टर निघालं तोवर ढब्बू घरच्या माणसांवर उडी मारायचा थांबला होता. पाहुण्यांच्या बाबतीत आणखी दोन महिने गेले. पोळ्याच्या दिवशी दारात बैलजोडी आली, माणसं बोजाऱ्यासाठी थांबली, आणि तो ओट्यावर बसून होता. शेपटी हलत होती, पण चारही पाय खाली होते.

आमच्याकडे आलात आणि तो आनंदाने धावत आला, तर कृपा करून त्याला लगेच कुरवाळू नका. पाठ फिरवून उभे राहा. तो बसला की मग हात लावा.