सरांना काय म्हणायचं?

स्वीडिश भाषेत 'दू' म्हणजे तू आणि 'नी' म्हणजे तुम्ही. तरीही साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या स्वीडनमध्ये प्रोफेसरांना 'नी' म्हणायची सोय नव्हती, कारण ते वरच्यानं खालच्याला म्हणायचं असा समज पक्का होता. मग त्यांच्या तोंडावरच त्यांच्याविषयी तृतीयपुरुषात बोलायचं: 'प्रोफेसरांना कॉफी हवी आहे का?' समोरच्याचा हुद्दा ठाऊक नसेल तर कर्ताच गाळायचा आणि नुसतं 'कॉफी हवी का?' विचारून मोकळं व्हायचं.

हसायचं कारण नाही. आपल्याहून चारच वर्षांनी मोठी, नुकतीच लागलेली लेक्चरर कँटीनमध्ये समोर येते. 'अगं' म्हणवत नाही, 'मॅडम' जिभेवर येत नाही. मग आपण विचारतो, 'चहा झाला?' क्रियापद चहाशी जुळतं, माणूस बाजूला राहतो. मराठी व्याकरण अशा वेळी फार समजूतदारपणे वागतं.

स्वीडनमध्ये हा गुंता सुटला त्याच्याशी ब्रूर रेक्सेद हे नाव कायमचं जोडलं गेलं. हा माणूस स्वतःच प्रोफेसर, शरीररचनाशास्त्राचा. मज्जारज्जूतल्या करड्या भागाचे त्यानं पाडलेले दहा थर मेडिकलची मुलं आजही पाठ करतात. 1967 साली सरकारी आरोग्य खात्याचा प्रमुख म्हणून रुजू होताना त्यानं सांगून टाकलं, की मी सगळ्यांना 'दू' म्हणणार. वारं आधीच फिरलेलं होतं, त्यानं ते बोलून दाखवलं इतकंच. आज तिथला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्रोफेसरला सरळ नावानं हाक मारतो आणि शंका विचारतो.

आपल्याकडेही हाका एकेकाळी माणूस बघून ठरत. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1899 साली पहिले आलेले परांजपे पुण्याला जन्मभर 'रँग्लर'च राहिले, श्री. म. माटे कॉलेजात शिकवूनही 'माटे मास्तर'. शांतिनिकेतनात नंदलाल बोस 'मास्टरमोशाय' आणि रामकिंकर बैज 'किंकरदा'. किंकरदाशी वाद घालता येत असेल, असं ते नाव ऐकताच वाटतं. आता सगळीकडे 'सर'. त्याला ना नाव लागतं ना ओळख. 'हो सर, बरोबर सर, येस सर' करत तास संपतो आणि वहीतली शंका वहीतच राहते. मला 'सर' या हाकेचा राग नाही. तिच्या आड लपता येतं, याचा आहे.

बाहेर शिकायला निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: स्वीडनला पहिल्या ई-मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' नको, 'हेय' आणि पुढे नाव पुरे. जर्मनीला मात्र 'फ्राउ प्रोफेसर' विसरू नका. आणि दोन्हीकडे, मायन्यानंतर प्रश्न नक्की लिहा.