शनिवार, रुमाल आणि मोडी

शनिवार सकाळ म्हणजे काय? आठवडाभराची उरलेली झोप, उशिराचा चहा, मग सिनेमा नाहीतर मॉल, आणि संध्याकाळी कुठल्या तरी हॉटेलबाहेर वेटिंग! पाच दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काढलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त कुणी अपेक्षाही करत नाही. त्यामुळे मी शनिवारी सदाशिव पेठेत जाते म्हटलं की ऑफिसमधली पब्लिक आधी हसते. मग हळूच विचारते, ''काय गं, स्थळबिळ बघतेयस की काय?''

स्थळ आहे, पण शंभरी ओलांडलेलं. भारत इतिहास संशोधक मंडळ!

भरत नाट्य मंदिरात नाटक बघायला तुम्ही नक्की गेला असाल. मंडळ तिथून अगदी जवळ. आपण त्याच्या दारावरून शंभर वेळा जातो आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. आत आहेत पंधरा लाखांहून जास्त जुने कागद. बरेचसे मोडीतले, काही फार्सी. शिवाय हस्तलिखितं, जुनी नाणी, चित्रं, ताम्रपट आणि हजारो पुस्तकं. हे सगळं कुणा सरकारनं हुकूम काढून जमवलेलं नाही. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी मंडळ सुरू केलं, आणि मग माणसं घरोघर हिंडून कागद गोळा करू लागली.

राजवाडे म्हणजे भन्नाट प्रकरण. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत, अडगळीत पडलेली दफ्तरं त्यांनी गावोगाव फिरून शोधली. उंदीर, वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला या चौघांशी त्यांची शर्यत होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, त्यात पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. स्वभाव मात्र कडक! ज्या मंडळाची स्थापना केली, त्यातूनच मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि शेवटी धुळ्याला गेले. माणूस गेला, संस्था राहिली. आपल्याकडे हे तसं दुर्मीळच.

एका घरातला कागद

'पण जुन्या कागदांचा उपयोग काय?' हा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं उत्तर तुमच्या कॅलेंडरवर आहे. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुटी आपण घेतो ना? पूर्वी शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ मानायचे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली निघाली. शकावली म्हणजे तारखेवार घटनांची यादी, आपल्या भाषेत टाइमलाइन. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. 'शिवभारत' या ग्रंथातही तीच तिथी मिळाली, राजस्थानात सापडलेल्या कुंडलीतही तीच. वाद चालू राहिला, आणि २००१ मध्ये राज्य सरकारनं ही तारीख स्वीकारली. एका घरानं कागद जपला नसता तर?

मंडळातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच. इथे 'असं म्हणतात' चालत नाही. पाक्षिक सभेत कुणी निबंध वाचला की पहिला प्रश्न येतो, ''पुरावा काय?'' आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा एकच माणूस असता तर किती शांतता नांदली असती!

आमचं 'इनाम'

मी तिथे पोचले ते आमच्या घरातल्या एका गाठोड्यामुळे. सातारा जिल्ह्यातलं आमचं गावाकडचं घर विकायला काढलं, तेव्हा माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले कागद निघाले. अशा कापडी गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात हे मला नंतर कळलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगत आलेत, की आपल्या पूर्वजाला पेशव्यांनी जमीन इनाम दिली. आत्याचं ठाम मत, ''सनद असणार ती. फ्रेम करून हॉलमध्ये लावू.'' काका म्हणाला, ''रद्दी आहे, देऊन टाका.'' वाचता मात्र कुणालाच येत नव्हतं. सगळी मोडी!

मग मी मोडीचा वर्ग लावला. मंडळ असे वर्ग घेतं. मोडी म्हणजे धमाल आहे. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत सुटायचं. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, स्वल्पविराम-पूर्णविराम नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर नाही. शाळेत शुद्धलेखनात मार खाल्लेल्यांनी जरूर शिकावी! पण एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ठरवताना घाम फुटतो. लिहिणाऱ्याचं वळण ओळखीचं होईपर्यंत सगळं पान म्हणजे उकलत गेलेल्या स्वेटरची लोकर वाटते.

वर्गातल्या सत्तरीच्या एका काकांनी आणि मी मिळून आमचा पहिला कागद लावला. तीन शनिवार गेले. सनद नव्हती. पेशवेही नव्हते. शके १७९९, म्हणजे १८७७ सालचं गहाणखत होतं ते. गावच्या एका शेतकऱ्यानं साठ रुपयांना आपलं शेत आमच्या पणजोबांच्या वडलांकडे गहाण टाकलं होतं. कागदाच्या खाली सहीच्या जागी लिहिलं होतं, 'निशाणी नांगर', आणि शेजारी काढलेला छोटासा नांगर.

१८७७ म्हटल्यावर काका जरा थांबले. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला होता. तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांना सोनंनाणं नको होतं, त्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे मागितले आणि जाळले. म्हणजे जे कागद तिथे जाळले गेले, तसलाच एक आमच्या घरी लाल फडक्यात जपलेला होता. आमचं 'इनाम'!

''कशाला उकरून काढायचं?''

घरी सांगितलं तेव्हा आत्या नाराज झाली. बाबा म्हणाले, ''कशाला उकरून काढायचं? दीडशे वर्षं झाली.'' मी म्हटलं, ''बाबा, सनद असती तर आपण फ्रेम केली असती ना?'' ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी चहा पिताना म्हणाले, ''देऊन टाक मंडळाला. पण एक नक्कल काढ. मला गावाला न्यायची आहे.''

त्या शेतकऱ्याचं घर गावात अजून आहे. बाबांना ते पहिल्यापासून माहीत होतं, फक्त त्या शेताशी त्यांचा संबंध माहीत नव्हता. आम्ही दोघं गेलो. मला जाम टेन्शन होतं. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, ''नाव वाच की पोरी परत.'' मी वाचलं. त्यांना आजोबांपर्यंतची नावं ठाऊक होती, हे त्याच्याही पलीकडचं. त्यांनी नक्कल जवळ घेतली आणि नांगरावर बोट ठेवलं. ''ह्यो त्यांनी स्वतः काढलाय?'' मी हो म्हटलं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं. बाबा जमिनीकडे बघत बसले होते.

शेत परत मिळालं वगैरे काही नाही. ते कधीच तिसऱ्याकडे गेलंय. पण आता दोन्ही घरांना खरी गोष्ट माहीत आहे, आणि मूळ कागद अशा जागी आहे जिथे तो उद्या दुष्काळावर अभ्यास करणाऱ्या कुणालाही बघता येईल. राजे-सरदारांच्या पत्रांच्या शेजारी एका साध्या शेतकऱ्याचा नांगर.

तुमच्याही घरी असं गाठोडं असेल तर एवढं करा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घड्या जोरात उलगडू नका. कोरड्या जागी ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. वाडा पाडून फ्लॅट घेताना माळा सगळ्यात शेवटी रिकामा होतो आणि तेव्हा टेम्पो खाली हॉर्न वाजवत उभा असतो. कागद जातात ते नेमके त्याच दहा मिनिटांत. म्हणून घराचा व्यवहार ठरला, की सगळ्यात आधी माळ्यावर चढा.