अर्धा आरसा

नव्या सर्व्हरवर मिररिंग, म्हणजे एकच मजकूर दोन डिस्कवर ठेवणं, करायचं असेल तर फारसं डोकं लागत नाही. इन्स्टॉलरच दोन डिस्क जोडून देतो. खरी कसोटी लागते ती चालत्या सर्व्हरवर. त्यावर लोकांचे मेल असतात, हिशेब असतात, आणि ते सगळं एकाच डिस्कच्या भरवशावर असतं.

लिनक्समध्ये हे काम एमडीअ‍ॅडम करतो. नील ब्राउन यांनी लिहिलेल्या या साधनातली मला सगळ्यात आवडणारी सोय म्हणजे अर्धा आरसा. दोन डिस्कची जोडी मांडायची, पण एकीच्या जागी 'मिसिंग' लिहायचं. तो तक्रार करत नाही. नव्या डिस्कवर एकट्यानेच उभा राहतो, आणि जुन्या डिस्कला तोवर हातही लागलेला नसतो.

मग आरसिंकने सगळं नव्या डिस्कवर आणायचं. पहिली फेरी सर्व्हर चालू असताना, शेवटची डेटाबेस आणि मेल बंद करून. चालत्या डेटाबेसच्या नकलेवर मी विश्वास ठेवत नाही. एफएसटॅब बदलायची, इनिटरामएफएस नव्याने बांधायची, ग्रब बसवायचा आणि रीबूट. सर्व्हर खरोखर आरशावरूनच उठला आहे, हे माउंटची यादी वाचून पटेपर्यंत जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवायची. तीच परतीची वाट. इथे घाई करणाऱ्याच्या हाती मी माझा सर्व्हर देणार नाही.

खात्री पटली की जुनी डिस्क आरशात घ्यायची. आता नव्या डिस्कवरचा मजकूर तिच्यावर उतरू लागतो, म्हणजे तिच्यावरचं जुनं पुसलं जातं. आरशाची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात एक रेघ आणि एक यू दिसत असतो. टक्के सरकत राहतात. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. शेवटी रेघेच्या जागीही यू येतो.

ग्रब दोन्ही डिस्कवर हवा. नाहीतर पहिली गेली की मजकूर शाबूत, पण मशीन उठत नाही. म्हणून मी एकेक डिस्क काढून बूट करून बघते. बॅकअपही वेगळा हवाच. चुकून पुसलेली फाइल आरसा दोन्हीकडून त्याच क्षणी पुसतो. आणि दोन्ही ट्रेवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून चिकटवते. रात्री डिस्क गेल्याचा मेल आला, तर सर्व्हररूममध्ये जो कोणी असेल त्याने नेमकी तीच उपसावी.