मोत्याचा ताप

आमच्या निवासस्थानाच्या ओसरीवर राहणारा मोत्या हा तसा अनाहूत पाहुणा. एका प्रायश्चित्तकाळात तो कोठून तरी आला आणि राहिला. पहाटे मिस्साची पहिली घंटा झाली की तो चर्चच्या पायऱ्यांपर्यंत माझ्यासोबत येतो आणि मिस्सा संपेपर्यंत तेथेच बसून राहतो. २०२३ च्या जुलै महिन्यात, वसईत पाऊस धो धो कोसळत असताना, एका पहाटे घंटा झाली तरी तो उठला नाही.

मी त्याच्या नाकाला हात लावून पाहिला. नाक ओले व थंड असले की कुत्रा निरोगी, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. नाक थंडगार होते. "पावसाने आळसावलाय, फादर," आमचा आचारी म्हणाला आणि मलाही ते पटले. पटवून घेणे सोयीचे होते. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने बांगड्याचे डोकेसुद्धा हुंगून सोडून दिले. सायंकाळी गायनाच्या सरावाला आलेली, घरी कुत्री पाळणारी एक मुलगी त्याच्यापाशी थबकली. "फादर, हा कुडकुडतोय. डोळे बघा किती लाल झालेत!"

माझ्या टेबलाच्या खणात तापाच्या गोळ्या होत्या. हात खणापर्यंत गेला आणि तेथेच थांबला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका डोंगराळ धर्मग्रामात होतो. तेथे राणी नावाची एक म्हातारी कुत्री होती. ती लंगडू लागली, अंगही तापलेले वाटले. गुरांचा दवाखाना दूर, रस्ता वाईट. मी माझ्यासाठी ठेवलेली आयब्युप्रोफेनची गोळी गुळात घालून तिला दिली. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. ती माझ्या हातून गूळ चाटून घेई. तिसऱ्या दिवशी तिला काळी शौच झाली, मग रक्ताची उलटी. पाचव्या दिवशी ती गेली. ती तापाने गेली, असे मी सर्वांना सांगितले. हे औषध कुत्र्याच्या जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंडे निकामी करते, हे पुढे एका पशुवैद्यांकडून कळले. त्यानंतरही मी गावात कोणाला काही बोललो नाही. आज प्रथमच लिहीत आहे. पॅरासिटामॉलचेही तसेच: त्याने कुत्र्याच्या यकृताला व रक्ताला इजा होऊ शकते. पशुवैद्यांनी स्वतः मापून दिल्याखेरीज आपल्या खणातील कोणतीही गोळी त्याच्या तोंडात जाता कामा नये.

त्या मुलीने घरून थर्मामीटर आणला. टोकाला व्हॅसलीन लावून, शेपटी हळूच उचलून, तो गुदद्वारात सुमारे इंचभर सरकवायचा व आवाज होईपर्यंत धरून ठेवायचा. मी मोत्याचे डोके मांडीवर धरले होते. आकडा आला १०५.

आपले तापमान ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास, तर निरोगी कुत्र्याचे १०१ ते १०२.५. म्हणजे आपल्या तळहाताला धडधाकट कुत्राही ऊनच लागणार. नाकाचे म्हणावे तर ते झोपेत कोरडे पडते, चाटल्यावर ओले होते. तापाशी त्याचे नाते भरवशाचे नाही. १०३ च्या वर आकडा गेला की पशुवैद्यांना विचारावे आणि १०६ च्या जवळ पोहोचला तर क्षणही दवडू नये, कारण तेथे आतील अवयवांनाच धोका असतो. वाटेत पोटाला व पंजांना साध्या पाण्याचे ओले फडके लावावे. बर्फ लावू नये. पाणी पुढे ठेवावे, पण घशात ओतू नये.

आम्ही त्याच रात्री रिक्षाने निघालो. डॉक्टरांनी प्रथम विचारले, तो साचलेल्या पाण्यात फिरला होता का? उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो पावसाळ्यात कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही. मग त्यांनी त्याचा कान उलटला. आत गोचिडी होत्या, चांगल्या टपोऱ्या. रोज ज्या मस्तकावरून मी हात फिरवीत असे, त्याच मस्तकाच्या कानात! रक्त तपासले, प्लेटलेट फार घटल्या होत्या. गोचिडीच्या चाव्यातून शिरणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जंतूंचा तो ताप निघाला. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर, असे म्हणून डॉक्टर थांबले. वाक्य पुरे करण्याची मला गरज नव्हती.

डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, जेवणाबरोबर. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा आचारी म्हणाला, आता कशाला गोळ्या? पण क्रम मध्येच सोडू नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पावात दडवलेली गोळी मोत्या नेमकी वेगळी काढून जमिनीवर ठेवी आणि पाव खाई. शेवटी बांगड्यानेच काम केले.

खणातील गोळ्या मी आता कपाटात हलवल्या आहेत. तेथे मोत्याचा स्वतंत्र थर्मामीटर असतो. त्यावर त्या मुलीने ठळक अक्षरांत 'मोत्या' असे लिहून ठेवले आहे. आमचे मदतनीस धर्मगुरू स्वतःला ताप आला की ते नाव दोनदा वाचून मगच खण बंद करतात.