रोल संपेपर्यंत

कॅमेऱ्यात घातलेला रोल संपल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. त्यामुळे गणपतीत घातलेला रोल दिवाळीचा फराळ बघायचा आणि कधी कधी संक्रांतीला धाकट्या भावंडाच्या अंगावरचे हलव्याचे दागिनेही. छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा फोटो काढणारा माणूस कर्तबगार समजला जाई. मग लिव्हर मध्येच अडकायची, रोल धुवायला जायचा आणि निगेटिव्ह आल्यावर ती उजेडाकडे धरून सगळं घर निवड करायला बसायचं. ‘हा नको, हाही नको, ह्यात आजी आहे, हा काढा.’ प्रत्येक प्रिंटचे पैसे वेगळे पडत.

अशा परिस्थितीत हौशी माणूस फोटोग्राफी शिकायचा तरी कसा? गणपतीत काय बिघडलं ते थंडीत कळणार, आणि तोवर अ‍ॅपर्चर किती ठेवलं होतं हे ब्रह्मदेवालाही आठवणार नाही. वहीत प्रत्येक फोटोची नोंद ठेवा, असं पुस्तकं बजावत. कितवा फोटो, अ‍ॅपर्चर काय, शटर स्पीड काय, ऊन कसं. नेमाने अशी वही लिहिणारे लोक मी क्वचितच पाहिले, आणि ते बहुधा इंजिनिअर असत.

बहुतेकांची सुरुवात आग्फाच्या क्लिक थ्रीने व्हायची. एका रोलवर बारा चौकोनी फोटो आणि सेटिंगच्या नावाखाली ऊन नाहीतर ढग एवढंच ठरवायचं. पुढे मामाचा किंवा मित्राच्या वडिलांचा एसएलआर हाती आला की खरी परीक्षा. त्या वेळचं सर्वांत वाचलेलं पाठ्यपुस्तक म्हणजे फिल्मच्या डब्यातला किंवा डब्याच्या आतल्या बाजूला छापलेला तक्ता. सूर्य, अर्धा झाकलेला सूर्य, ढग अशी चित्रं आणि पुढे आकडे. शंभर एएसएची फिल्म आणि लख्ख ऊन असेल तर एफ १६ आणि १/१२५. लाइट मीटर नसलेल्या कॅमेऱ्यावर हजारो लोक एवढ्या शिदोरीवर फोटो काढत होते आणि ते चांगले येत होते.

त्यापुढचं शिक्षण हवं असेल तर स्टुडिओवाल्या काकांची मर्जी सांभाळावी लागे. पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल आणि मागे डार्करूम. काका ओर्वोच्या फिल्मचा मोठा डबा आणत आणि अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने, रिकाम्या कॅसेटींत ती भरत. रोल त्यामुळे स्वस्तात पडे. फिल्म डेव्हलप करायला पूर्ण काळोख लागतो, ब्रोमाइड पेपरला मात्र लाल दिवा चालतो, हे ज्ञान मला शाळेतल्या विज्ञानाच्या तासाच्या बरंच आधी तिथे झालं. डेव्हलपरचं तापमान वीस अंशांवर ठेवायचं म्हणून पुण्याच्या एप्रिलात शेजारच्या रसवंतीतून बर्फ आणायचा आणि ट्रेच्या बाहेरच्या पाण्यात टाकायचा. हायपोचा वास शर्टाला दोन धुण्यांपर्यंत राही. एन्लार्जरखाली हात हलवत काका चेहऱ्यावरचा उजेड अडवत आणि आभाळाला तोच उजेड जास्त वेळ देत. आज संगणकावर ‘डॉज’ आणि ‘बर्न’ म्हणून ज्या खुणा दिसतात, त्यांतल्या एकीत अजून वळलेला हात आहे. तो अशाच कुठल्या तरी काकांचा.

इथवर आलं की आमच्या पिढीचा गळा दाटतो आणि मग ठरलेलं वाक्य येतं: छत्तीसच फोटो असत म्हणून आम्ही विचार करून काढायचो. हे वाक्य मला पटत नाही. छत्तीस फोटोंनी आम्हाला काटकसर शिकवली, फोटोग्राफी नव्हे. रोल महाग म्हणून आम्ही हमखास येणारेच फोटो काढत असू. सूर्य पाठीमागे, माणसं ओळीत, सगळे दगडासारखे उभे. रात्रीच्या वाटेला कोणी जातच नसे. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर फ्लॅश मारला की ढोलवाल्याचं कपाळ तेवढं पांढरंफटक यायचं आणि मागची रोषणाई काळोखात बुडायची. शटर १/१५ वर ठेवून टिपरूची रेघ उमटू द्यावी आणि चेहरा मात्र स्थिर मिळवावा, ही कल्पना सुचली तरी ती जमेपर्यंत दोन रोल खर्ची पडले असते. ते कोण देणार होतं?

आज माझी भाची त्याच रस्त्यावर उभी राहून एकाच ढोलवाल्याचे साठ फोटो काढते. शटर फार वेगवान ठेवलं की काठी गोठते, १/८ ला चेहराही जातो, मधे कुठेतरी हवं ते सापडतं. हे सगळं पथक अलका चौकात पोहोचायच्या आत. मला जे कळायला कैक वर्षं लागली ते तिला एका संध्याकाळीत कळलं, याचा हेवा वाटतो. काजव्यांचंही तसंच. पावसाच्या तोंडावर राजमाचीला किंवा भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं लुकलुकतात. लांबलचक एक्स्पोजरला फिल्म मंदावते, त्यामुळे आम्ही ते नुसतं डोळ्यांनी बघून परत यायचो. आता तिपाईवर कॅमेरा ठेवून तीस-तीस सेकंदांचे फोटो घेतात आणि घरी संगणकात एकावर एक रचतात.

कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याला एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या टेपवर उतरवायला तेवीस सेकंद लागत, आणि ते चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचं होतं. त्या मानाने आजचा कॅमेरा फारच वेगवान, पण त्याची गंमत मला वेगात वाटत नाही. ती त्या इंजिनिअर मंडळींच्या वहीत आहे. ती वही आता कॅमेरा स्वतःच लिहितो. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, लेन्स, तारीख, वेळ, सगळं प्रत्येक फोटोच्या पोटात. शिकणाऱ्याने रात्री बसून आपले दहा बिघडलेले फोटो उघडावेत आणि शेजारचे आकडे वाचावेत. हललेल्या सगळ्या फोटोंचं शटर १/३० च्या खाली निघालं, तर शिकवणीची फी वाचली. पण वही आपोआप लिहिली जाते म्हणून ती उघडतच नाही कोणी. हिस्टोग्रामचं, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचं, तेच. भर उन्हात पडद्यावर फोटो बरा दिसतो की वाईट यावर विश्वास ठेवू नये. आलेखातला डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर वारकऱ्याचं पांढरं धोतर जळालं समजावं, आणि तो तपशील मग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

फोनवर शिकणाऱ्यांची मला थोडी काळजी वाटते. फोन एका दाबात अनेक फोटो घेतो, आपल्या आपण जोडतो आणि सुबक करून हाती ठेवतो. फोटो छान येतो, पण का छान आला हे काढणाऱ्याला कळत नाही. प्रो मोड चालू करून आठवडाभर हाल सोसावेत. किंवा जुना, वापरलेला डीएसएलआर आणि त्यावर स्वस्तातली ५० एमएमची लेन्स घ्यावी. तिला झूम नसतो, पुढे-मागे आपल्यालाच व्हावं लागतं. खिडकीपाशी तांब्या ठेवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर त्याचे फोटो काढले तर उजेडाबद्दल जे कळतं ते पन्नास व्हिडिओ पाहून कळत नाही. व्हिडिओ वाईट असतात असं नाही. मराठीतही आता उत्तम असतात. पण ते बघताना आपण शिकतो आहोत असं वाटत राहतं, ही भानगड आहे.

आणि खरं सांगायचं तर त्या काळातलं मला एकच हवंसं वाटतं: काकांचा प्रश्न. कॉन्टॅक्ट शीटवर भिंग ठेवून, काचपेन्सिल हातात घेऊन ते विचारत, ‘हा कशासाठी काढलास?’ उत्तर देता आलं नाही की फुली. आज फोटो टाकला की चार मिनिटांत वीस अंगठे आणि ‘अप्रतिम!’ पालखीच्या दिवशी दिवे घाटात एकाच वळणावर शेकडो कॅमेरे उभे असतात, संध्याकाळपर्यंत तीच नागमोडी रांग शेकडो जणांकडून येते आणि प्रत्येकाला ‘अप्रतिम!’ मिळतं.

हौशी लोकांना एकमेकांची गरज लागते हे काही नवीन नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही उघडला. तेव्हा काचेवर नाहीतर कागदावर निगेटिव्ह करायची म्हणजे रसायनांचा संसार पाठीवर घेऊन फिरायचं. तरी माणसं जमत होती.

आम्हीही काही जण आता महिन्यातून एका रविवारी सकाळी जमतो. विषय एक, फोटो जास्तीत जास्त पाच आणि तेही छापून आणायचे. मोबाइल फिरवायचा नाही. ‘छान’ म्हणायला बंदी आहे. का आवडला किंवा का नाही, ते सांगायचं. सुरुवातीची निम्मी मंडळी दोन बैठकांतच गळाली. एका गृहस्थांना तर सूनबाईसमोर ऐकून घ्यावं लागल्याचा राग अजून आहे. भाची मात्र टिकली, आणि परवा तिने माझ्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं, ‘मामा, हा कशासाठी?’ पुढच्या खेपेचा विषय ‘सावली’ ठरला आहे. ती उन्हातलीच हवी की ट्यूबलाइटचीही चालेल, यावरून आत्ताच दोन तट पडलेत.