मिंट म्हणजे पुदिना नव्हे!

दिवाळीत भाचा पुण्याहून चंद्रपूरला आला. वय 12. बॅगेत कपडे कमी, गाड्या जास्त. फॉर्म्युला वनच्या रेसिंग कारच्या बोटभर लांबीच्या प्रतिकृती, सगळ्या डब्यात बंद. म्हटलं, "काऊन रे, खेळत नाहीस?" तर म्हणे, "मामा, हे कलेक्शन आहे. मिंट कंडिशन पाहिजे. डबा उघडला की किंमत गेली."

आई शेजारी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "मिंट म्हंजे पुदिना न रे?"

पोरगं आधी हसलं, मग गप्प झालं. कारण त्यालाही अर्थ सांगता येईना. शेवटी तिघांनी मिळून शोधला. मिंट म्हणजे टांकसाळ. टांकसाळीतून आत्ताच पडलेल्या नाण्यासारखं कोरं, ते मिंट. पुदिन्याचा काही संबंध नाही.

मग नादच लागला. डब्यावर लिहिलं होतं, 'डाय-कास्ट'. इथं डाय म्हणजे मरणं नाही, तर साचा. साच्यात ओतलेली गाडी. 'मॅचबॉक्स' तर आपली माचीसच. 1953 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका कारागिराच्या मुलीच्या शाळेत माचीसच्या डबीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती म्हणे. बापानं तेवढं खेळणं बनवलं आणि त्या नावाचा ब्रँड जगभर गेला.

'ग्रिड' म्हणजे जाळी. शर्यत सुरू होण्याआधी गाड्या चौकटी आखून उभ्या करतात, ती जागा. आपल्याकडं ग्रिड म्हणजे वीज. आपलं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं. वीज ग्रिडमध्ये जाते, राख इथंच राहते.

'पिट' म्हणजे खड्डा. 1908 साली फ्रान्समध्ये दिएपच्या शर्यतीत मेकॅनिक लोकांसाठी रस्त्याकडेला चर खणले होते, त्यावरून हा शब्द रुळला असं सांगतात. आता तिथं खड्डा उरला नाही, नाव तेवढं उरलं. गाडी येते, काही सेकंदांत चाकं बदलून निघून जाते.

भाच्याला म्हटलं, चल, आमचं पिट दाखवतो. गाडीवर बसवून दुर्गापूरकडं नेलं. उघडी कोळसा खाण आणि तिच्या भोवती मातीचे डोंगर. त्यानं विचारलं, "मामा, हे खरे डोंगर आहेत?" म्हटलं, "नाही बाबू, हे ओव्हरबर्डन आहे."

"म्हणजे?"

इथं मी अडकलो. मित्रहो, खरं सांगतो, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो काही वर्षांपूर्वी एका जनसुनावणीत. मंचावरचे साहेब बोलत होते. ओव्हरबर्डन, लीज एरिया, बफर झोन. समोर गावातले शेतकरी, बाया, म्हातारी माणसं. मी शिकलेला, म्हणून पुढं बसवलेला. मला अर्थ माहीत नव्हता. विचारायची लाज वाटली. मी मान डोलावली आणि माझ्याकडं पाहून मागच्या दहा जणांनी डोलावली.

ओव्हरबर्डन म्हणजे वरचा बोजा. कोळशाच्या वर असलेलं सगळं. वरची माती, मुरूम, खडक, ज्यावर शेत होतं, मोहाची झाडं होती. खाणीच्या भाषेत ते 'ओझं'. हा अर्थ त्या दिवशी कुणी मराठीत सांगितला असता, तर एक तरी माणूस उठून बोलला असता असं मला वाटतं.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणं अशा प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. पण सारांश मराठीत आला, तरी त्यात 'ओव्हरबर्डन' तसाच राहिला तर काय उपयोग?

आता गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले. कायदा वाचायचा, शब्द फोडायचा, समजल्याशिवाय ठराव नाही. वाद एका शब्दाचा होता, बांबू हे झाड की गौण वनउपज? 1927 च्या वन कायद्यात बांबू 'झाडा'त धरलेला, तर 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजात. झाड म्हटलं तर मालकी खात्याची, गौण वनउपज म्हटलं तर ग्रामसभेची. 2009 मध्ये गावाला 1800 हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. एका शब्दाचा अर्थ धरून ठेवला, म्हणून.

भाचा जाताना आजीला म्हणाला, "मी कलेक्टर आहे." आजी म्हणाली, "हो का? मंग आमच्या रस्त्याचं पाय न बाप्पा!" कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. कंपनी सरकारनं 1772 मध्ये हे पद आणलं ते महसूल गोळा करायला. आपण मात्र त्याच्याकडं अर्ज घेऊन जातो.

पुढच्या सुनावणीला मी जाणार आहे. पुढच्याच खुर्चीवर बसणार आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाला हात वर करणार. "साहेब, म्हंजे का जी?"

तुमच्या गावात असा कोणता शब्द आहे, ज्यावर सगळ्यांनी मान डोलावली? लिहा. एक यादी करू आणि ग्रामसभेत वाचू.